रायफल किती अंतरावर झिरो करावी?

सप्टेंबर सरत आला की अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या वायोमिंग, मोन्टाना, कोलोरॅडो या राज्यांतल्या शूटिंग रेंजवर गर्दी वाढू लागते. शिकारीचा हंगाम तोंडावर आलेला असतो आणि वर्षभर कपाटात राहिलेली रायफल बाहेर निघते. बाकावर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या, त्यांवर रायफल टेकवायची, कागदी लक्ष्यावर तीन-तीन गोळ्या झाडायच्या आणि छिद्रं कुठे पडली ते पाहून दुर्बिणीचे नॉब फिरवायचे. याला रायफल झिरो करणं म्हणतात. दुर्बिणीतल्या क्रॉसहेअरवर जो बिंदू दिसतो, नेमक्या त्याच बिंदूवर गोळी लागली पाहिजे. पण गोळीचा मार्ग आणि डोळ्याची रेषा सगळ्याच अंतरांवर जुळू शकत नाहीत. ती कोणत्या अंतरावर जुळवायची, १०० यार्ड, २०० की त्याहूनही लांब, हे शिकाऱ्याला आधीच ठरवावं लागतं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. अमेरिकेची व्यवस्था निराळी आहे. तिथे राज्य सरकारं प्राण्यांची संख्या पाहून दरवर्षी परवाने देतात. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवर जो कर बसतो, त्याचा पैसा वन्यजीव संवर्धनाला जातो. त्या व्यवस्थेबद्दल कुणाचं काहीही मत असो, एवढं मान्य करावं लागेल की एकदा चाप ओढल्यावर प्राणी क्षणात मरतो की फुटलेल्या जबड्याने, मोडलेल्या पायाने चार दिवस रानात फिरत राहतो, हे बऱ्याच अंशी त्या रेंजवरच्या बाकावर ठरलेलं असतं. म्हणून झिरोच्या या तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नाकडे मी शिकाऱ्याच्या जबाबदारीचा प्रश्न म्हणून पाहतो.

आधी गोळी कशी जाते ते पाहू. नळीतून सुटल्या क्षणापासून गोळी खाली पडू लागते. गुरुत्वाकर्षण तिला एका क्षणाचीही सवलत देत नाही. दुर्बीण मात्र नळीच्या वर, साधारण दीड इंच उंचीवर बसवलेली असते आणि तिच्यातून दिसणारी रेषा सरळ असते. मग ही सरळ रेषा आणि गोळीचा वाकडा मार्ग भेटणार कसे? त्यासाठी नळीचं तोंड दृष्टिरेषेच्या मानाने किंचित वर रोखलेलं असतं. सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक यष्टिरक्षकाकडे चेंडू फेकताना तो थोडा वर फेकतो, तसंच हे. त्यामुळे गोळी दृष्टिरेषेच्या खालून निघते, ती रेषा एकदा ओलांडून वर जाते आणि पुढे पुन्हा खाली येताना दुसऱ्यांदा ओलांडते. ज्याला आपण झिरो म्हणतो ते हे दुसरं, दूरचं ओलांडणं.

उदाहरणाला .३०-०६ स्प्रिंगफील्ड घेऊ. १९०६ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी आलेलं हे काडतूस आजही तिथल्या शिकाऱ्यांच्या घराघरांत आहे. त्याची १८० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला साधारण २७०० फुटांच्या वेगाने निघते. रायफल २०० यार्डांवर झिरो केली तर गोळी पहिल्यांदा २५ ते ३० यार्डांच्या दरम्यान दृष्टिरेषा ओलांडते, १०० यार्डांवर सुमारे दोन इंच वर असते, २०० वर बरोबर नेमावर येते, ३०० वर आठ इंच खाली, ४०० वर जवळजवळ दोन फूट खाली आणि ५०० वर चार फुटांच्या आसपास खाली जाते. या आकड्यांमधला फरक पाहण्यासारखा आहे. पहिल्या २०० यार्डांत गोळी दोन इंचांच्या आत-बाहेर राहते. शेवटच्या १०० यार्डांत मात्र ती दोन फूट पडते. वेग कमी होत जातो आणि पडायला वेळ अधिक मिळतो, म्हणून अंतर थोडं वाढलं तरी घसरण फार वाढते.

या गणितातून पश्चिमेकडच्या शिकाऱ्यांची एक जुनी पद्धत तयार झाली. हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसं मिळून जो भाग होतो, तो आठ ते दहा इंचांचा असतो. मग झिरो असा निवडायचा की एका ठरावीक अंतरापर्यंत गोळी दृष्टिरेषेच्या तीन इंच वर किंवा तीन इंच खाली, एवढ्याच पट्ट्यात राहील. तेवढ्या अंतरापर्यंत काही मोजायचं नाही, काही फिरवायचं नाही, छातीच्या मधोमध नेम धरायचा आणि चाप ओढायचा. वर सांगितलेल्या .३०-०६ साठी हा हिशेब सव्वादोनशे यार्डांच्या आसपासचा झिरो देतो, आणि गोळी २६० यार्डांपर्यंत त्या पट्ट्यात राहते.

या पद्धतीचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता जॅक ओ'कॉनर. १९०२ मध्ये ॲरिझोनात जन्मलेला हा माणूस विद्यापीठात शिकवत असे आणि पुढे ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचा बंदूक-विभागाचा संपादक झाला. विंचेस्टर कंपनीने १९२५ मध्ये आणलेलं .२७० हे काडतूस त्याने आपल्या लेखणीने अमेरिकाभर नेलं. त्याचा सल्ला असा होता की १३० ग्रेनची गोळी १०० यार्डांवर तीन इंच वर लागेल अशी रायफल बसवावी. मग झिरो २७५ यार्डांच्या आसपास येतो आणि सव्वातीनशे यार्डांपर्यंत फारसा विचार न करता गोळी झाडता येते. ओ'कॉनरच्या काळात हा सल्ला फार शहाणपणाचा होता. लेझरने अंतर मोजणारं यंत्र तेव्हा शिकाऱ्याच्या खिशात नव्हतं. माळावर उभा असलेला प्रॉंगहॉर्न हा हरणासारखा प्राणी २०० यार्डांवर आहे की ३०० वर, हे डोळ्यांनी ओळखणं अनुभवी माणसालाही अवघड जाई. अंदाजातली ती चूक लांबचा झिरो पोटात घेत असे.

आज मात्र मला तो सल्ला जसाच्या तसा पटत नाही. या झिरोवर गोळी दीडशे ते दोनशे यार्डांच्या पट्ट्यात साडेतीन इंचांच्या आसपास वर असते. शिकारीतल्या बहुतेक गोळ्या याच पट्ट्यात किंवा त्याच्याही अलीकडे सुटतात. समोर प्राणी आला की माणसाचा श्वास वाढतो, त्याला अंतर आहे त्याहून जास्त वाटतं आणि तो सवयीने नेम थोडा वर धरतो. आधीच वर जाणाऱ्या गोळीत ही चूक मिसळली की ती पाठीच्या कण्याच्या वरून निघून जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे कण्याच्या वरच्या मांसाला चाटून जाते. प्राणी कोसळतो, उठतो आणि नाहीसा होतो. लांबच्या गोळीसाठी केलेली सोय अशी जवळच्या गोळीचा घात करते.

लेझर रेंजफाइंडर स्वस्त झाला आणि दुर्बिणीचे टरेट, म्हणजे नेम वरखाली करणारे नॉब, भरवशाचे झाले, तेव्हापासून दुसरी पद्धत रुळली. रायफल १०० यार्डांवर झिरो करायची आणि प्रत्यक्ष शिकारीच्या वेळी अंतर मोजून टरेट फिरवायचा. इथे कोनाचं माप कामाला येतं. एक अंश म्हणजे साठ मिनिटं, आणि त्यातलं एक मिनिट, ज्याला नेमबाज एमओए म्हणतात, १०० यार्डांवर एक इंचाहून किंचित मोठं असतं. टरेटचा एक क्लिक बहुधा पाव मिनिटाचा असतो. .३०-०६ ची रायफल १०० वर झिरो केलेली असेल तर ४०० यार्डांवर गोळी सुमारे ३२ इंच खाली जाते. तेवढं भरून काढायला पावणेआठ मिनिटं, म्हणजे ३१ क्लिक लागतात. ज्यांच्या दुर्बिणीत मिल्सचं माप आहे त्यांचा हिशेब मेट्रिक पद्धतीच्या माणसाला अधिक सोपा जातो. एक मिल म्हणजे १०० मीटरवर दहा सेंटिमीटर, आणि त्याच्या दहाव्या भागाचा क्लिक म्हणजे एक सेंटिमीटर.

टरेट फिरवायचाच असेल तर झिरो १०० वरच का, २०० वर का नको? यामागचं कारण मला या साऱ्या विषयातलं सर्वांत पटण्याजोगं वाटतं. झिरो हा पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया आहे, आणि पाया अशा जागी घालावा जिथे हवा, उंची, तापमान यांचा हात पोहोचत नाही. १०० यार्डांवर गोळीला वारा जेमतेम ढकलतो, विरळ आणि दाट हवेचा फरक दिसतच नाही म्हटलं तरी चालेल आणि उन्हाच्या झळांनी लक्ष्य फारसं थरथरत नाही. समुद्रसपाटीवरच्या गावात झिरो केलेली रायफल घेऊन कोलोरॅडोत ९००० फुटांवर एल्क हे मोठं हरीण शोधायला गेलं, तरी १०० यार्डांवर ती तशीच मारते. ५०० यार्डांवर मात्र डोंगरावरच्या विरळ हवेमुळे तीच गोळी काही इंच वर लागते. लांब अंतरावर झिरो केला तर त्या दिवसाचा वारा आणि हवा त्या झिरोत कायमची शिरून बसते.

झिरो करतानाची एक चूक सर्रास दिसते. २५ यार्डांवर कागदावर गोळी बसली की काही लोक समाधान मानतात, कारण गोळी तिथे पहिल्यांदा दृष्टिरेषा ओलांडते हे त्यांनी ऐकलेलं असतं. सुरुवात म्हणून ते ठीक आहे. पण २५ वरची पाव इंचाची चूक २०० वर दोन इंच होते. ज्या अंतराचा झिरो हवा त्या अंतरावर प्रत्यक्ष गोळ्या झाडून पाहिल्याशिवाय तो झिरो खरा मानू नये. शिवाय तीन गोळ्यांच्या ग्रुपवरून मध्यबिंदू नक्की कळत नाही. पुढच्या तीन गोळ्या भलतीकडे जाऊ शकतात. दहा गोळ्यांचा ग्रुप खिशाला जड जातो, पण खरं तोच बोलतो. थंड नळीतून निघणारी पहिली गोळी कुठे जाते हे वेगळ्या दिवशी, वेगळं तपासावं, कारण रानात तीच गोळी सुटणार असते. आणि काडतुसाचा ब्रँड बदलला की झिरो पुन्हा करायचा, यात तडजोड नाही.

नेमबाजीच्या खेळात हा प्रश्न असा पडत नाही, कारण अंतर ठरलेलं असतं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेंनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेतलं. तिथे दुर्बीण नसते, पण झिरोचं तत्त्व हेच आहे, आणि अंतर पक्कं असूनही हे खेळाडू स्पर्धेआधी साइटिंगच्या गोळ्या झाडून क्लिक जुळवतातच. ५० मीटरच्या सपाट रेंजवर ठरलेल्या लक्ष्यासाठी जागतिक दर्जाचा नेमबाज एवढी काळजी घेतो, तर डोंगरउतारावर जिवंत प्राण्यासमोर बसलेल्या हौशी शिकाऱ्याने किती घ्यावी?

कारण झिरो फक्त वरखालीचं भरून काढतो. आडव्या वाऱ्यावर त्याचा काही इलाज नाही. ताशी दहा मैलांचा, म्हणजे सोळा किलोमीटरचा आडवा वारा .३०-०६ ची गोळी ४०० यार्डांवर फूटभर बाजूला नेतो आणि ५०० वर पावणेदोन फूट. दरीच्या अलीकडे एक वारा, मध्ये दुसरा आणि पलीकडे तिसरा, असं रॉकी पर्वतात नेहमीचंच. वारा मोजणारं यंत्र शिकाऱ्याच्या हातात असतं, पण ते त्याच्या स्वतःच्या जागेवरचा वारा सांगतं. त्यात वेळेची भर पडते. ५०० यार्डांवर पोहोचायला या गोळीला जवळजवळ ०.७ सेकंद लागतो. चरणारा एल्क तेवढ्यात एक पाऊल पुढे टाकतो आणि छातीवर धरलेला नेम पोटात जातो. गोळीच्या वेगाचंही भान हवं. बऱ्याच शिकारी गोळ्या लागल्यावर फुलाव्यात यासाठी सेकंदाला १८०० फुटांच्या आसपास वेग लागतो, आणि आपली ही गोळी ५०० यार्डांच्या जवळपास त्या सीमेवर येऊन ठेपते. त्याखाली ती आरपार जाऊन बारीक भोक पाडते आणि प्राणी हळूहळू मरतो.

थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ मध्ये सुरू केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने लांब पल्ल्याच्या शिकारीबद्दल जाहीर भूमिका घेतली आहे. प्राण्याला निसटण्याची न्याय्य संधी हवी, हे त्या क्लबचं मूळ तत्त्व आहे, आणि यंत्रांच्या जोरावर प्राण्याला चाहूलही लागणार नाही इतक्या लांबून मारणं त्यात बसत नाही. मला हे पटतं.

दक्षिण टेक्सासात तर शिकारीला चक्क आपली नीलगाय असते. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात किंग रँचवर ती सोडली गेली आणि तिथे मोकळ्या रानात वाढली. विदर्भात आपण जिला रोही म्हणतो तीच ही. ती अतिशय चिवट असते आणि कशीबशी लागलेली गोळी घेऊन दूर निघून जाते, म्हणून तिथल्या शिकाऱ्यांना तिच्याबाबत जास्त जवळ जाण्याचा सल्ला दिला जातो.

तर किती अंतर निवडावं? टरेट फिरवण्याचा सराव असेल, रेंजफाइंडर हातात असेल आणि आपल्या काडतुसाच्या घसरणीचा तक्ता प्रत्यक्ष गोळ्या झाडून तपासलेला असेल, तर १०० यार्ड. हे नसेल तर २०० यार्ड, आणि मग अडीचशेच्या पुढे गोळी झाडायची नाही. तीनशेचा झिरो करून तीनशेच्या पलीकडचे मनसुबे रचू नयेत. आणि जे मराठी वाचक अमेरिकेत शिकारीचा परवाना काढत असतील, त्यांना एक कळकळीची विनंती. हंगामाआधी बाकावरून उठा, जमिनीवर बसून, गुडघ्यावर टेकून, धाप लागलेली असताना आठ इंचांच्या थाळीवर गोळ्या झाडा. ज्या अंतरावर एकही गोळी थाळीबाहेर जात नाही, तेच तुमचं शेवटचं अंतर. त्यापलीकडचा प्राणी जाऊ द्या, किंवा चालत आणखी जवळ जा.