धबधबा किती सोडायचा?

बहुतेक घरगुती पोहण्याच्या तलावांत पंप एकच असतो. फिल्टरमधून आलेलं पाणी तीन तोंडांच्या व्हॉल्व्हपाशी वाटलं जातं: काही भिंतीतल्या जेटना, काही धबधब्याला. धबधबा जोरात सोडला की जेट मंदावतात, क्लोरीन कोपऱ्यांत पोहोचत नाही आणि पायऱ्यांच्या कडेला शेवाळ धरतं. म्हणून आधी जेटपुढे हात धरून जोर पाहा, मग व्हॉल्व्हचा दांडा बोटभरच सरकवा. जमलेल्या जागी मार्करने खूण करा. धबधबा दिवसभर चालला की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच चढतो, बाष्पीभवनही वाढतं. पाहुणे नसताना तो थोडाच वेळ सोडावा. दोन्ही वाटा एकाच वेळी मात्र कधीही बंद करू नका. पंप निकामी होईल.