पडून राहिलेला डिझेल ट्रॅक्टर थोडक्या खर्चांत चालू करणें

मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वाफसा आला म्हणजे गांवांतील भाड्याच्या ट्रॅक्टरास एकाच दिवशीं दहा ठिकाणांहून बोलावणें येतें. ज्याचें शेत मोठें व रस्त्यालगत, त्याचें काम आधीं होतें; तीन-चार एकरांच्या शेतकऱ्याची पाळी येईपर्यंत वरची ओल उडून जाते, नाहींतर दुसरा पाऊस पडून चिखल होतो. आणि चमत्कार हा कीं, अशाच एखाद्या शेतकऱ्याच्या वाड्यांत वडिलांच्या वेळचा ट्रॅक्टर लिंबाखालीं गंजत उभा असतो. मिस्त्रीस दाखवावा तर तो म्हणतो, सबंध इंजिन खोलावें लागेल. तेवढा पैसा जवळ नसतो. भंगारवाला मात्र दर दोन महिन्यांनीं येऊन भाव सांगून जातो.

गेल्या दोन वर्षांत आमच्या मंडळाच्या सभासदांचे असे तीन ट्रॅक्टर आम्हीं हातीं घेतले. दोन चालू झाले. एक आमच्याच उतावळेपणानें फुकट गेला. तिन्ही अनुभवांवरून आमचें असें मत झालें आहे कीं, पडून राहिलेलें डिझेल इंजिन बहुधा झिजून मेलेलें नसतें. तें पाण्यानें, घाणीनें आणि नळींत शिरलेल्या हवेनें बंद पडलेलें असतें. मोठा खर्च पुष्कळदां त्यानंतर, घाईनें केलेल्या प्रयत्नांत उत्पन्न होतो.

याचें कारण इंजिनाच्या रचनेंतच आहे. रुडॉल्फ डिझेल यांनीं १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें यशस्वी करून दाखविलेल्या ह्या यंत्रांत ठिणगीचा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते अठराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. त्या दाबानें ती इतकी तापते कीं, नोझलमधून बारीक फवाऱ्यानें आलेलें डिझेल आपोआप पेटतें. म्हणजे इंजिनास पुरेसा दाब, स्वच्छ डिझेलचा फवारा आणि मोकळी हवा एवढेंच पाहिजे. जुन्या ट्रॅक्टरांत वीज लागते ती मुख्यतः सेल्फ फिरविण्यापुरती. दहा वर्षें उभें राहिलेलें इंजिन ह्या कारणानेंच पुन्हां उठूं शकतें.

कामास हात घालण्यापूर्वीं आम्हीं एक नियम घालून घेतला होता. तसाच जुना पण चालता ट्रॅक्टर बाजारांत ज्या किंमतीस जातो, तिच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक खर्च करावयाचा नाहीं. आणि पहिले चार दिवस तर एक रुपयाही खर्च करावयाचा नाहीं. ह्या चार दिवसांत केवळ पाहावयाचें. तांब्याचा रेडिएटर जागेवर आहे कीं चोरीस गेला, हवेच्या फिल्टरांत उंदरांनीं घर केलें आहे काय, धुराड्याच्या तोंडाशीं कुंभारीण माशीची माती आहे काय, हें नुसत्या डोळ्यांनीं कळतें. ऑइलची चकती, म्हणजे खालचा बोल्ट, अगदीं थोडा सैल करून खालीं भांडें ठेवावें. पाणी तेलाहून जड असल्यामुळें ऑइलांत पाणी असेल तर तें प्रथम बाहेर येतें. दोन-चार थेंब आले तर घाबरण्याचें कारण नाहीं. पेलाभर आलें तर हेडचें गॅस्केट किंवा सिलिंडरची भिंत यांविषयीं संशय घ्यावा.

आतां आमच्या चुकीविषयीं. पहिला ट्रॅक्टर एका विधवा बाईंचा होता. यजमान गेल्यापासून तो तीन पावसाळे उघड्यावर होता आणि धुराड्यावरील झांकण केव्हांच उडून गेलें होतें. पेरणी तोंडावर आली होती, बॅटरी नव्हती. म्हणून आम्हीं साखळी बांधून दुसऱ्या ट्रॅक्टरानें तो वरच्या गियरांत ओढला. मागचीं चाकें क्षणभर घसरलीं, आंतून एक जड आवाज झाला आणि सर्व शांत झालें. धुराड्यांतून आलेलें पावसाचें पाणी उघड्या राहिलेल्या व्हॉल्वमधून एका सिलिंडरांत सांचलें होतें. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. कनेक्टिंग रॉड वांकला व त्यानें सिलिंडरची भिंत फोडली. आदल्या दिवशीं तीन नोझलें काढून पाहिलीं असतीं, तर एका पान्याच्या कामांत तें पाणी बाहेर आलें असतें. बाईंनीं आम्हांस एका शब्दानेंही बोल लावला नाहीं. त्यांचें सोयाबीन मात्र त्या वर्षीं बारा दिवस उशिरां पडलें.

सबब दुसऱ्या ट्रॅक्टराच्या वेळीं पहिलें काम नोझलें काढण्याचें केलें. नटाभोंवती डिझेल घालून एक रात्र ठेविलें म्हणजे तीं सहसा निघतात. पाइप सुटल्याबरोबर पंपाचीं व नोझलांचीं तोंडें स्वच्छ फडक्यानें बंद करावींत. मग प्रत्येक सिलिंडरांत डिझेल व इंजिन ऑइल समभाग मिसळून दोन-तीन चमचे सोडावें, आणि आठ दिवस त्याकडे पाहूं नये. हें ‘पाहूं नये’ फार कठीण असतें. मालकाचा मुलगा रोज पाना घेऊन उभा असे. आठ दिवसांनीं गियर मोकळा ठेवून पुढच्या पुलीच्या नटास पाना लावावा व इंजिन केंसभर पुढें, केंसभर मागें असें हलवून पाहावें. न हलल्यास पुन्हां तेल, पुन्हां आठ दिवस. पान्यास लांब पाइप लावून जोर करणें म्हणजे आमची पहिली चूक दुसऱ्या रीतीनें करणें होय. आमचें इंजिन सतराव्या दिवशीं फिरलें.

फिरूं लागल्यावर वरचें झांकण काढून व्हॉल्व पाहावेत. एखादा गंजून अर्धवट उघडा राहिलेला असतो. पिस्टन खालीं असतांना त्याच्या दांड्यावर तेल सोडून लांकडी हातोडीनें हलकेच ठोकलें म्हणजे तो मोकळा होतो. ह्या एका व्हॉल्वमुळें दाब न झाल्यास कारागीर ‘बोअर गेलंय, मालक’ असें सांगून मोकळे होतात. नोझलें पुन्हां बसविण्यापूर्वीं इंजिन हातानें कांहीं फेरे फिरवून सिलिंडरांतील उरलेलें तेल बाहेर उडवून द्यावें. नोझलाखालील तांब्याचे वायसर नवे मिळाले तर उत्तम. नाहींतर जुनेच लाल होईपर्यंत तापवून पाण्यांत टाकावेत. लोखंड असें केल्यानें कडक होतें, तांबें उलट मऊ होतें व पुन्हां घट्ट बसतें.

खरें लक्ष द्यावयाचें तें डिझेलच्या वाटेकडे. टाकीच्या तळाशीं हवेंतील ओल पाण्याच्या रूपानें सांचते, आणि पाणी व डिझेल यांच्या सांध्यावर सूक्ष्म जंतु वाढून काळा, बुळबुळीत गाळ होतो. टाकी काढून, आंत मूठभर गुळगुळीत खडे व थोडें डिझेल घालून चांगली हलवावी, खडे मोजून परत काढावे, व दोन वेळां धुवावी. टाकीस छिद्र असेल तर घरीं झाळावयाचा विचार स्वप्नांतही करूं नये. रिकाम्या टाकींतील वाफेचा स्फोट होतो. फिल्टर नवे घालावेत. येथें काटकसर नको. रबरी नळ्या वरून चांगल्या दिसल्या तरी बदलाव्यात. पाइप सायकलच्या पंपानें फुंकून पाहावेत.

आम्हांस फार उपयोगी पडलेली एक युक्ति येथें सांगतों. टाकी धुवून होण्यापूर्वींच पांच लिटरचा एक स्वच्छ डबा इंजिनाहून उंच टांगून त्याची नळी थेट फिल्टरला जोडावी. डब्यावर इंजिन चालतें आणि टाकीवर चालत नाहीं, तर दोष टाकी, तिची नळी किंवा डिझेल ओढणारा लहान पंप यांतच आहे हें पैशाशिवाय सिद्ध होतें.

मुख्य पंप स्वतः उघडूं नये. त्याच्या आंतील भाग केंसाच्या जाडीहून किती तरी पटींनीं कमी अंतर राखून बसविलेले असतात. ते खोलणें व जुळविणें हें चांचणी-यंत्र असलेल्या दुकानाचेंच काम. परंतु जात ओळखावी. फिरत्या जातीच्या पंपास डिझेलचेंच वंगण असतें, म्हणून त्यांत पाणी गेल्यास तो आंतून गंजतो. रांगेच्या पंपास खालीं स्वतंत्र ऑइल असतें. तें बदलावें, आणि बाजूचें झांकण काढून आंतील दांडी मागेंपुढें सरकते कीं नाहीं हें अवश्य पाहावें. ती पूर्ण डिझेल सोडण्याच्या जागीं अडकलेली असेल तर इंजिन सुरू होतांच बेफाम धांवतें व थांबवितां येत नाहीं. नोझलें दुकानांत नेऊन त्यांचा फवारा मात्र तपासून घ्यावा. त्यास खर्च थोडा येतो. जुन्या इंजिनांत तीं साधारण १७५ ते २०० किलो दर चौरस सेंटिमीटर एवढ्या दाबास उघडतात. त्या फवाऱ्यासमोर हात कधींही धरूं नये. तो कातडींतून आरपार आंत जातो. जखम टांचणीच्या टोकाएवढी दिसली तरी तत्काळ इस्पितळ गांठावें.

इंजिन सुरू करण्यापूर्वीं नवें ऑइल भरावें व तें बंद करण्याची दोरी ओढून ठेवून, म्हणजे डिझेल न देतां, सेल्फनें फिरवावें. ऑइलच्या कांट्यानें दाब दाखविला म्हणजे बेअरिंगांस तेल पोंचलें. बॅटरी शेजाऱ्याची चालेल. परंतु तिच्या जाड तारा व जमिनीची पट्टी घासून लख्ख कराव्यात. पुष्कळ सेल्फ ह्या गंजापायींच बदलले जातात. मग एअर काढावी : प्रथम फिल्टरवरील स्क्रू, नंतर पंपावरील, शेवटीं नोझलावरील नट अर्धा फेरा सैल करून, प्रत्येक ठिकाणीं बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत. लहान पंपाचा हातदांडा ढिला लागला तर तो बिघडला असें समजूं नये. इंजिन एक फेरा फिरवावें, दांडा लागूं होतो. सेल्फ एका वेळीं दहा-पंधरा सेकंदांहून अधिक दाबूं नये व मध्यें मिनिटभर विसांवा द्यावा. ईथरचा फवारा मारण्याची पद्धत आम्हांस पसंत नाहीं. त्यानें पिस्टन फुटतात, आणि हवा तापविण्याची तार असलेल्या इंजिनांत आग लागते. एक माणूस हवेच्या तोंडाशीं जाड सपाट फळी घेऊन उभा ठेवावा. इंजिन बेफाम झाल्यास फळीनें तोंड झांकावें, हातानें नव्हे.

दुसरा ट्रॅक्टर पहिल्या दिवशीं सुरू झाला आणि अर्ध्या मिनिटांत बंद पडला. असें सात-आठ वेळां झालें. पांढरा धूर पाहून बोलाविलेल्या कारागिरानें पिस्टन, रिंगा व पंप अशी यादी लिहून दिली. यादी खिशांत ठेवून आम्हीं फिल्टर व पंप यांमध्यें पारदर्शक नळीचा एक तुकडा जोडला, तों तींतून बुडबुड्यांची माळ जातांना स्पष्ट दिसली. फिल्टरच्या पोकळ बोल्टाखालचा एक वायसर तडकला होता. दोन वायसर व हातभर नळी यांस आलेला खर्च भाड्यानें एक एकर नांगरून घेण्याइतकाही नव्हता. धुराबद्दल एवढें ध्यानांत ठेवावें : पांढरा म्हणजे न जळलेलें डिझेल किंवा पाणी, काळा म्हणजे डिझेल अधिक अगर हवा कमी, आणि निळा म्हणजे ऑइल जळतें आहे. इंजिन तापल्यावरही निळा धूर राहिला व ऑइल भरण्याच्या तोंडांतून जोराचा वारा येऊं लागला, तर मात्र रिंगांचा खर्च टळत नाहीं.

क्लचची प्लेट गंजून चिकटलेली असते; पायटा दाबून लांकडानें आठवडाभर अडकवून ठेवावा. ब्रेक दोन्हीं बाजूंस सारखे लागेपर्यंत ट्रॅक्टर रस्त्यावर नेऊं नये. रंगावर खर्च करूं नये. टायर शेवटीं.

ट्रॅक्टर विकत घेऊन दुरुस्त करावयाचा असेल तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. आपल्याकडे १९५९ सालीं फरीदाबादेस आयशर, १९६३ सालीं मुंबईस महिंद्र व इंटरनॅशनल हार्वेस्टर यांची भागी, १९७४ सालीं पंजाबांत स्वराज असे कारखाने निघत गेले. ज्यांचीं इंजिनें पुष्कळ वर्षें एकाच नमुन्याचीं निघालीं, त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या गांवीं मिळतात. पिंजोरच्या एच.एम.टी.चा ट्रॅक्टर-विभाग बंद करण्याचें २०१६ सालीं ठरलें. अशा ट्रॅक्टरासाठीं भागांची चौकशी आधीं, सौदा मागाहून. दुसरें, नोंदणीच्या दाखल्यावरील चेसिस व इंजिन यांचे क्रमांक स्वतः ताडून पाहावेत. नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढें पांच-पांच वर्षांनीं तिचें नूतनीकरण होतें; तें राहिलें असल्यास त्याचाही खर्च हिशेबांत धरावा.

चालू झालेल्या इंजिनास पहिले वीस-पंचवीस तास हलकें काम द्यावें, आणि मग ऑइल व त्याचा फिल्टर पुन्हां बदलावा. आंतील सुटलेली सर्व घाण त्यांत आलेली असते.

तिसरा ट्रॅक्टर योगायोगानें बाईंच्याच नमुन्याचा निघाला. त्याचा पंप गंजलेला होता व हेडला चीर होती. बाईंच्या ट्रॅक्टराचीं हीं दोन्ही अंगें शाबूत होतीं, तीं त्यास बसविलीं. मोबदला पैशांत ठरला नाहीं. पांच वर्षें, वाफसा येतांच, पहिला दिवस बाईंच्या शेताचा, असा कागद उभयतांनीं करून मंडळाच्या दप्तरांत ठेविला आहे. यंदाचा तो दिवस त्यांस मिळाला.