स्वस्त पेट्रोल इंजिनाला बाधतं का?

अमेरिकेत एकाच चौकातल्या दोन पंपांवर गॅलनमागे काही सेंटांचा फरक सहज दिसतो. तरी दोघांचं मूळ पेट्रोल बऱ्याचदा एकाच पाइपलाइनमधून, एकाच डेपोत आलेलं असतं. फरक पडतो तो टँकर भरताना मिसळल्या जाणाऱ्या डिटर्जंटमुळे. इंजिनात थर साचू नयेत म्हणून ते किमान किती असावं, याचं बंधन तिथल्या सरकारने १९९५ साली घातलं. ते तोकडं वाटल्याने बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी २००४मध्ये ‘टॉप टियर’ हा कडक निकष आणला. ‘एएए’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१६मध्ये चाचणी घेतली, तेव्हा या निकषाबाहेरच्या पेट्रोलने इनटेक व्हॉल्व्हवर सरासरी १९ पट जास्त थर साचवला. गाडी त्याने लगेच बंद पडत नाही. मायलेज आणि पिकअप हळूहळू घटत जातात.

गंमत म्हणजे स्वस्ताईसाठीच प्रसिद्ध असलेल्या कॉस्टकोचं पेट्रोल ‘टॉप टियर’ आहे! तेव्हा दरफलकापेक्षा पंपावरचं ते चिन्ह शोधावं. कंपनीने ८७ ऑक्टेन पुरेसं म्हटलेल्या गाडीत महागडं ९३ ओतणं मात्र निव्वळ उधळपट्टी.