पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे



शिरूर-दौंडच्या पारधी वस्त्यांवर बचत गटाच्या बहिणींबरोबर आम्ही आधी व्याज मोजतो. सावकाराचे ५,००० रुपये, महिना १० टक्के. वर्षात ६,००० व्याज जाते, मुद्दल तसेच राहते. शेळीपालनात उरलेले सगळे तिथेच संपते. म्हणून बोकड विकावा, पाठ राखावी. अडचणीला पाठ विकली की पुढचे वेत गेले. विक्रीतून हप्ता आणि चारा-औषधाचे पैसे आधी बाजूला काढायचे.

पैशांची पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, वही तिसरीकडे. अध्यक्षाबाईंना यात अविश्वास वाटतो. मीही एकदा भिडेखातर पेटी-किल्ली एकाच घरी राहू दिली. हिशेब जुळेना, गट मोडता मोडता वाचला. चूक माझीच. आता वही दर बैठकीत सर्वांसमोर मोठ्याने वाचतात. वही लिहिणाऱ्या मुलींसाठी प्रार्थना करा.