टमी टक: ऑपरेशन तीन तासांचं, पण नंतरच्या दीड महिन्याचं काय?

इन्स्टाग्रामवरची 'टमी टक'ची रील बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. आधी सुटलेलं, लोंबणारं पोट दिसतं आणि पुढच्याच सेकंदाला सपाट पोट. मधले आठवडे मात्र रीलमध्ये नसतात. कमरेत वाकून चालणं, पोटातून बाहेर आलेल्या नळ्या, दिवसरात्र घातलेला घट्ट पट्टा आणि 'आई, उचलून घे' म्हणणाऱ्या लेकराला नाही म्हणणं, हे सगळं त्या मधल्या काळातलं असतं.

ऑपरेशन करायचं की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. पण तो घेण्याआधी हा मधला काळ कसा असतो, हे माहीत असायला हवं.

टमी टक म्हणजे नेमकं काय?

वैद्यकीय भाषेत याला अ‍ॅबडॉमिनोप्लास्टी म्हणतात. यात पोटावरची सैल पडलेली जादा त्वचा आणि तिच्याखालची चरबी काढून टाकतात. गरज असेल तर पोटाचे ताणलेले स्नायूही टाके घालून पुन्हा जवळ आणतात.

गरोदरपणात पोटाच्या मध्यावरचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब जातात. अनेक जणींमध्ये बाळंतपणानंतर ते आपोआप जवळ येतात, काहींमध्ये अंतर तसंच राहतं. याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. वजन कमी होऊनही पोट पुढे दिसत राहण्यामागे हे एक कारण असू शकतं. फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या व्यायामाने अनेकींना फरक पडतो, त्यामुळे आधी तो मार्ग वापरून पाहावा. पण ताणून सैल झालेली त्वचा व्यायामाने पूर्ववत होत नाही.

यामुळे वजन कमी होतं का?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. टमी टक हा वजन कमी करण्याचा उपाय नाही. डॉक्टर उलट आधी वजन कमी करून ते काही महिने स्थिर ठेवायला सांगतात.

पोटातली चरबी दोन जागी असते. एक त्वचेखाली, जी चिमटीत पकडता येते. दुसरी स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती. टमी टकमध्ये फक्त पहिली निघते. टणक, गोल पोट असलेल्या पुरुषांमध्ये दुसऱ्या प्रकारची चरबी जास्त असते. तिच्यावर आहार आणि व्यायाम हाच उपाय.

लायपोसक्शन वेगळं. त्यात नळीने चरबी ओढून घेतात, पण सैल त्वचा आणि स्नायू तसेच राहतात. काही वेळा दोन्ही एकत्र करतात.

ऑपरेशनमध्ये काय होतं?

पूर्ण भूल दिली जाते. साधारण दोन ते चार तास लागतात. ओटीपोटावर, सिझेरियनची चीर असते त्याच्या आसपास, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आडवी चीर घेतात. त्वचा वर उचलतात, स्नायू शिवतात, त्वचा खाली ओढून जादा भाग कापतात. बेंबी मुळाशी तशीच ठेवून नव्या छिद्रातून बाहेर काढतात. बेंबीखालचे स्ट्रेच मार्क्स कापलेल्या त्वचेबरोबर निघून जातात, वरचे राहतात.

व्रण कायमचा राहतो. तो कपड्यांखाली झाकला जाईल अशा जागी घेतात आणि वर्षभरात फिकट होत जातो, पण पुसला जात नाही.

नंतरचे दिवस कसे जातात?

पहिला आठवडा: सरळ उभं राहता येत नाही. टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून कमरेत वाकून चालावं लागतं. झोपताना पाठीमागे उशा आणि गुडघ्यांखाली उशी लागते. जमिनीवरच्या गादीवरून उठणं फार अवघड जातं, त्यामुळे पलंग आणि कमोडची सोय आधीच करावी. खोकला किंवा शिंक आली तर पोटावर उशी दाबून धरावी. साचणारं पाणी बाहेर काढण्यासाठी बऱ्याचदा नळ्या ठेवतात. चोवीस तासांत साधारण ३० मिलिलिटरपेक्षा कमी पाणी येऊ लागलं की त्या काढतात.

दुखतं म्हणून पडून राहायचं मात्र नाही. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्याच किंवा दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात थोडं थोडं चालायला सांगतात.

दोन ते चार आठवडे: हळूहळू सरळ चालता येतं. बसून करायचं काम असेल तर बरेच जण या काळात कामावर परततात. स्कूटर किंवा कार चालवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

सहा आठवड्यांपर्यंत: जड उचलायचं नाही. पाण्याची कळशी नाही, गॅसचा सिलिंडर नाही आणि लहान मूलही नाही. पोटाचा पट्टाही साधारण इतकेच दिवस वापरावा लागतो.

पुढचे काही महिने: सूज हळूहळू उतरते. संध्याकाळी पोट पुन्हा फुगल्यासारखं वाटू शकतं. ओटीपोटावरचा बधिरपणा महिनोन्महिने टिकू शकतो, काहींमध्ये थोडा कायमही राहतो. त्यामुळे महिन्याभरात आरशात 'रीलमधलं' पोट दिसलं नाही म्हणून घाबरू नये.

धोके कोणते?

त्वचेखाली पाणी साचणं ही नेहमी दिसणारी तक्रार. डॉक्टर ते सुईने काढतात. याशिवाय रक्तस्राव, जंतुसंसर्ग, जखम उशिरा भरणं असे धोके आहेत. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि त्वचेचा भाग काळा पडून मरू शकतो. म्हणून ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी सिगारेट बंद करायला सांगतात. तंबाखू आणि मशेरीतही निकोटिन असतं. हे डॉक्टरांपासून लपवू नये.

सर्वात गंभीर धोका पायातली गुठळी फुफ्फुसात जाण्याचा. एकाच पायाच्या पोटरीत दुखणं किंवा सूज, अचानक धाप लागणं, छातीत दुखणं यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. ताप, पू किंवा जखमेभोवती वाढती लाली दिसली तरी लगेच डॉक्टरांना कळवावं.

कोणी थांबावं?

पुढे मूल हवं असेल तर आधी ते होऊ द्यावं. नंतर गर्भधारणा होऊ शकते, पण शिवलेले स्नायू आणि त्वचा पुन्हा ताणली जाते. नुकतंच बाळंतपण झालं असेल तर साधारण सहा महिने तरी जाऊ द्यावेत. मधुमेह नियंत्रणात नसेल तर आधी तो आटोक्यात आणावा लागतो.

तारीख घेण्याआधी काय विचारायचं?

- ऑपरेशन कोण करणार? प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे का?
- भूलतज्ज्ञ आणि आयसीयूची सोय आहे का? रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा?
- सांगितलेल्या खर्चात भूल, रुग्णालयातला मुक्काम, पट्टा आणि नंतरच्या तपासण्या धरल्या आहेत का?
- विमा मिळेल का? केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात सहसा बसत नाही. सोबत हर्नियाची दुरुस्ती असेल तर विमा कंपनीकडून आधीच लेखी उत्तर घ्यावं.

शेवटचा प्रश्न घरात विचारायचा आहे. सहा आठवडे मुलाला कडेवर कोण घेणार, पाणी कोण भरणार, पहिल्या आठवड्यात अंथरुणातून उठायला हात कोण देणार? या माणसांची नावं आणि त्यांची सुट्टी पक्की झाली की मगच ऑपरेशनची तारीख घ्यावी.