घोडा गेला कुठे? स्ट्रायकर पिस्तुलाबद्दलचे गैरसमज

पिस्तुलाच्या पाठीशी अंगठ्याने मागे ओढता येईल असा घोडा दिसला की ते जुने, पाठ सपाट असली की ते नवे, अशी सोयीची वाटणी बहुतेकांच्या डोक्यात असते. मग त्या वाटणीवर एकेक समजूत चढत जाते. स्ट्रायकरची कल्पना ग्लॉक कंपनीने काढली, असे कोणी सांगतो. ही पिस्तुले प्लॅस्टिकची असल्याने विमानतळावरच्या यंत्रांना चकवतात, असे दुसरा सांगतो. बाहेर सेफ्टीचा खटका नाही म्हणजे ती खिशातल्या खिशात उडणार, ही तिसऱ्याची खात्री. आणि जगभरची सैन्ये तिकडे वळली म्हणजे घोड्याची पिस्तुले भंगारात गेली, हा चौथ्याचा निष्कर्ष. यातली प्रत्येक समजूत चुकते, कारण तिचा सगळा भर घोडा दिसतो की नाही यावर असतो. पिस्तुलाच्या बाबतीत विचारायचा प्रश्न वेगळा आहे: काडतुसाच्या टोपीवर घाव घालणाऱ्या स्प्रिंगमध्ये या क्षणी किती ताण साठलेला आहे, आणि तो कशाने अडवून धरला आहे?

आधी यंत्रणा पाहू. घोड्याच्या पिस्तुलात चाप ओढला की घोडा फिरून फायरिंग पिनच्या मागच्या टोकावर आदळतो आणि पिन पुढे जाऊन टोपीवर बसते. स्ट्रायकरच्या पिस्तुलात मधला हा आदळणारा तुकडाच नसतो. पिन स्वतःच स्प्रिंगवर बसवलेली असते आणि सुटली की सरळ पुढे जाते. ही रचना ग्लॉकच्या कितीतरी आधीची. 1893 च्या बोर्खार्ट पिस्तुलात ती होती, जर्मन सैन्याने 1908 मध्ये घेतलेल्या लुगरमध्ये होती. 1914 मध्ये सारायेव्होत आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या ब्राउनिंगच्या 1910 च्या मॉडेलमधून, आणि तेही स्ट्रायकरचेच. सर्वांत बोलका दाखला ग्लॉकच्या मायदेशातला आहे. ऑस्ट्रो-हंगेरियन घोडदळाने 1907 मध्ये रोथ-स्टायर नावाचे पिस्तूल घेतले. धावत्या, बुजणाऱ्या घोड्यावर बसलेल्या स्वाराच्या हातून गोळी सुटू नये म्हणून त्याचा स्ट्रायकर अर्धवटच ताणलेला राहत असे. उरलेला ताण स्वाराला चाप ओढून द्यावा लागे. पाऊणशे वर्षांनी, 1982 मध्ये, ऑस्ट्रियाच्या सैन्याने वॉल्थर पी-38 बाजूला ठेवून ग्लॉक 17 घेतले, तेव्हा त्यातही बेचकीचे रबर अर्धे ओढून धरावे तसा स्ट्रायकर अर्धाच ताणलेला होता. पॉलिमरचा सांगाडासुद्धा ग्लॉकचा शोध नव्हे; हेकलर अँड कॉखने 1970 मध्येच व्हीपी-70 हे पॉलिमरच्या सांगाड्याचे, स्ट्रायकरचे पिस्तूल बाजारात आणले होते.

मग गास्टन ग्लॉक यांनी नवे काय केले? पडद्याच्या दांड्या आणि सैन्यासाठी सुऱ्या बनवणाऱ्या या माणसाने जुन्याच कल्पनांची एक चोख मोट बांधली. सांगाडा पोलादातून कोरण्याऐवजी साच्यातून काढला, सुटे भाग सुमारे पस्तिसांवर आणले, मॅगझिनमध्ये 17 काडतुसे बसवली. पी-38 मध्ये आठ बसत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चाप पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत एकाच जोराने ओढावा लागे. पी-38 किंवा अमेरिकी सैन्याच्या बेरेटा एम-9 मध्ये, घोडा खाली असताना, पहिल्या गोळीला चाप लांब आणि जड लागतो, कारण तोच ओढा घोड्यालाही ताणतो. दुसऱ्या गोळीपासून घोडा आधीच ताणलेला असल्याने चाप हलका होतो. शिकाऊ शिपायाला म्हणजे एकाच हत्यारावर दोन चाप शिकावे लागतात. स्ट्रायकरचा खरा फायदा इथे, प्रशिक्षणात आणि उत्पादनखर्चात आहे. माऱ्याच्या ताकदीत नाही. लुगर, पी-38, ब्राउनिंग हाय-पॉवर, बेरेटा एम-9 आणि ग्लॉक 17 ही सगळी विसाव्या शतकाच्या आरंभी तयार झालेले तेच 9 मिलिमीटर काडतूस झाडतात. नळीची लांबी सारखी असेल तर गोळीला पिस्तुलाचे वय कळत नाही.

प्लॅस्टिकची अफवा दोन परिच्छेदांच्या लायकीची नाही. ग्लॉकची नळी आणि स्लाइड पोलादी आहेत, काडतुसे धातूची आहेत, आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर त्यांचा आकार स्वच्छ दिसतो. 1986 च्या सुमारास अमेरिकेत ‘प्लॅस्टिक पिस्तुला’ची ओरड झाली, 1988 मध्ये न सापडणाऱ्या शस्त्रांविरुद्ध कायदा झाला, आणि ग्लॉकला त्याची झळ लागली नाही, कारण त्यात कायद्याला हवे त्याहून कितीतरी जास्त पोलाद आधीच होते. 1990 च्या ‘डाय हार्ड 2’ या चित्रपटाने चिनी मातीच्या जर्मन ‘ग्लॉक 7’चा उल्लेख करून अफवेला पुन्हा हवा दिली. असे मॉडेल नव्हते, आणि कंपनीही जर्मन नव्हे. पॉलिमरने वजन मात्र घटवले: रिकामे ग्लॉक 17 सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास भरते, तर जुने, घोड्याचे कोल्ट एम-1911 रिकामे असताना अकराशेच्या.

आता सेफ्टीचा मुद्दा, आणि यात खरोखर दम आहे. एम-1911 च्या बाजूला अंगठ्याचा खटका आहे, मुठीच्या पाठीला आणखी एक सेफ्टी आहे, आणि घोडा ताणलेला आहे की नाही हे लांबूनही दिसते. ग्लॉकवर यातले काहीच नाही. त्याच्या तिन्ही सेफ्ट्या चापाच्या हालचालीशी बांधलेल्या आहेत: चापाच्या मधोमध असलेली छोटी जीभ दाबली गेल्याशिवाय चाप मागे जात नाही, चाप मागे गेल्याशिवाय पिनच्या वाटेतला अडसर हटत नाही, आणि तिसरी सेफ्टी आपटल्यावर स्ट्रायकर सुटू देत नाही. म्हणजे सेफ्टी नाहीशी झाली नाही, ती अंगठ्याकडून चापाकडे सरकली. उलट, जुन्या एम-1911 मध्ये पिनला वेगळा अडसरच नव्हता. ते नळीच्या टोकावर पुरेशा उंचीवरून आपटले तर पिन स्वतःच्या वजनाने पुढे जाऊन टोपीवर बसण्याची शक्यता होती, बाहेरचे खटके काहीही म्हणोत. कोल्टने 1983 मध्ये ‘सीरिज 80’ काढून त्यात पिनचा अडसर घातला तो याच कारणाने.

यावर आक्षेप येतो तो सिग सॉअर पी-320 चा, आणि त्याला बगल देता येणार नाही. हे पिस्तूल त्याच कंपनीच्या घोड्याच्या पी-250 वरून विकसित झाले. जानेवारी 2017 मध्ये ते अमेरिकी सैन्याने बेरेटा एम-9 च्या जागी निवडले आणि एम-17, एम-18 असे त्याचे नामकरण झाले. त्याच वर्षी उघड झाले की हे पिस्तूल विशिष्ट कोनात पाठीवर पडले तर गोळी सुटू शकते. कंपनीने ऑगस्टमध्ये मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. पुढे चाप न ओढता गोळी सुटल्याचे आरोप करणारे खटले अमेरिकेत उभे राहिले, काहींत ज्यूरीने भरपाईही दिली. चाप ओढल्याशिवाय पिस्तूल उडत नाही, ही कंपनीची भूमिका कायम आहे. तो वाद न्यायालयांचा. पण 2017 च्या दोषाचे कारण यंत्रशास्त्रात सरळ सापडते. पी-320 चा स्ट्रायकर अर्धा नाही, जवळजवळ पूर्ण ताणलेला असतो, आणि त्याच्या चापावर ग्लॉकसारखी जीभ नव्हती. पिस्तूल आपटून थांबले की चाप आपल्याच वजनाने मागे जाऊ शके. दुरुस्तीत चाप आणि आतले काही भाग हलके केले गेले. दोष स्ट्रायकर असल्याचा नव्हता. साठलेला ताण मोठा आणि त्याची राखण अपुरी, हा होता. हाच निकष लावला तर जुने एम-1911 आणि नवे पी-320 एकाच रांगेत उभे राहतात, आणि ग्लॉक त्यांच्यापासून वेगळे पडते.

मग अमेरिकी सैन्याने एम-17 वर अंगठ्याचा खटका का मागितला? त्या निवडीच्या स्पर्धेत उतरलेल्या ग्लॉकलाही तो बसवावा लागला होता. सैन्यात पिस्तूल घेणारा प्रत्येक जण पिस्तुलातच मुरलेला नसतो; अनेकांचे मुख्य शस्त्र रायफल असते. चाप हलका आणि एकसारखा झाला की बोट चुकून चापावर जाण्याची, कापडाची घडी होल्स्टरमध्ये अडकण्याची किंमत वाढते. म्हणूनच चाप पूर्ण झाकणारे कडक होल्स्टर हा अशा पिस्तुलाचा जोडीदार नव्हे, त्याच्या सेफ्टीचा भाग मानावा लागतो. चापाचा आणखी एक धोका आहे: ग्लॉक सफाईसाठी खोलताना आधी चाप दाबावा लागतो. चेंबर रिकामे आहे याची खात्री न करता तो दाबणाऱ्यांच्या हातून गोळ्या सुटल्या आहेत. बेरेटा आणि पी-320, दोन्ही चाप न दाबता खोलता येतात. इथे माझ्या मते ग्लॉकची रचना चुकते, आणि ‘नियम पाळा’ एवढे उत्तर पुरेसे नाही.

घोड्याच्या बाजूनेही दोन गोष्टी उरतात. होल्स्टरमध्ये पिस्तूल सरकवताना घोड्यावर अंगठा ठेवला तर चाप कशात अडकल्याचे अंगठ्याला लगेच कळते. आणि टोपी पहिल्या घावाने पेटली नाही तर पी-38 किंवा बेरेटाचा चाप पुन्हा ओढून दुसरा घाव घालता येतो. ग्लॉकमध्ये स्लाइड मागे ओढून नवे काडतूस घ्यावे लागते. अर्थात ही सोयही फक्त घोड्याची मक्तेदारी नाही, वॉल्थर पी-99 या स्ट्रायकर पिस्तुलात ती आहे. शिवाय घोड्याची पिस्तुले भंगारातही गेलेली नाहीत. भारतीय सैन्याचे ईशापूरच्या कारखान्यातले ‘पिस्तूल ऑटो 9 मिमी 1 ए’ हे ब्राउनिंग हाय-पॉवरचेच रूप, 13 काडतुसांचे आणि घोड्याचे. एनएसजीच्या कमांडोंकडे ग्लॉक असते. ब्रिटिश सैन्याने 2013 मध्ये हाय-पॉवरच्या जागी ग्लॉक 17 आणले, तेव्हा हाय-पॉवरचे दिवस भरले असेच सगळ्यांनी धरले. बेल्जियमच्या एफएन कंपनीने 2022 मध्ये त्याची नवी आवृत्ती काढली. मॅगझिन ग्लॉकइतके, 17 काडतुसांचे. घोडा मात्र पूर्वीसारखाच बाहेर.