हायब्रिड ज्वारी, हायब्रिड कचेरी

आपल्या माणसांना 'हायब्रिड' हा शब्द ज्वारीमुळे ठाऊक झाला. १९६४ साली देशात संकरित ज्वारीचे पहिले वाण आले. उत्पन्न वाढले, यात शंका नाही. पण ते वाण खत मागत होते, पाणी मागत होते. ज्याच्याकडे जमीन आणि विहीर, त्याची कणगी भरली. ज्याच्याकडे दोन्ही नव्हते, त्याच्या वाट्याला मजुरी आणि बेचव भाकरी आली. दोष बियाण्याचा नव्हता. ते ज्या समाजरचनेत पेरले गेले तिचा होता. आज पुण्यात हाच शब्द कचेरीच्या संदर्भात ऐकू येतो. म्हणून प्रश्नही तोच विचारला पाहिजे: विहीर कोणाकडे आहे?

प्रथम हा प्रकार काय आहे ते पाहू. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील काचेच्या इमारती एकाएकी ओस पडल्या. काम मात्र थांबले नाही. ते कर्मचाऱ्यांच्या घरात गेले. साथ ओसरल्यावर अनेक कंपन्यांनी मधला मार्ग काढला. आठवड्यातले दोन-तीन दिवस कचेरीत, बाकीचे घरी. यालाच हायब्रिड पद्धत म्हणतात. टीसीएससारख्या मोठ्या कंपनीने २०२० साली जाहीर केले होते की, २०२५ पर्यंत एका वेळी पाव हिस्सा कर्मचारीच कचेरीत असतील. पुढे २०२३ मध्ये तिनेच आपल्या माणसांना पुन्हा पाचही दिवस बोलावले. सरकारनेही नियम बदलले. विशेष आर्थिक क्षेत्रातील कंपन्यांना जुलै २०२२ मध्ये निम्म्या कर्मचाऱ्यांपर्यंत घरून कामाची मुभा मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये अशा इमारतींतला एकेक मजला त्या क्षेत्रातून वगळून इतरांना देण्याची सोय झाली.

यातून कचेरीचे रूपच पालटले. पूर्वी माणसाला ठरलेली खुर्ची असे, खण असे, खणाची किल्ली असे. आता अनेक ठिकाणी खुर्ची त्या दिवसापुरती आगाऊ नोंदवावी लागते. कचेरी ही बसण्याची जागा न राहता भेटण्याची जागा झाली आहे. जागेचे भाडे, वीज, पाणी यांचा काही भार मालकाच्या अंगावरून उतरला आणि कर्मचाऱ्याच्या घरावर पडला.

आता ते घर पाहू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत शहरी भागात संगणक असलेली घरे २३.४ टक्के निघाली. ग्रामीण भागात ४.४ टक्के. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणाऱ्या घराचे मान बरीच वर्षे २६९ चौरस फूट होते. त्यात पाच-सहा माणसे, स्वयंपाक, टीव्ही, आजारी म्हातारी आणि मुलांचा अभ्यास. माझी एक विद्यार्थिनी येरवड्यात अशाच घरात राहते. ती एका कंपनीत कामाला लागली, तेव्हा घरात पेढे वाटले गेले. घरून काम करायच्या दिवशी ती कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसते. मी कारण विचारले. म्हणाली, "सर, समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. तिकडे पाठ करून बसले तर कॅमेऱ्यात दिसतो." कचेरीत तिची जात निदान विचारावी तरी लागत होती. पडद्यावर ती घरासकट हजर असते.

म्हणजे कचेरी हे समतेचे मंदिर होते काय? मुळीच नाही. बडोदा संस्थानच्या कचेरीत शिपाई लांबूनच फायली टाकत आणि प्यायला पाणी मिळत नसे, हा अनुभव १९१७ साली खुद्द डॉ. आंबेडकरांना आला. माझे वडील एका निमसरकारी कचेरीत शिपाई होते. त्यांचा कप खिडकीत वेगळा असे. पण ज्या मस्टरवर साहेबांची सही, त्याच मस्टरवर खाली वडिलांचीही सही होती. गावकुसाबाहेरच्या माणसाचे नाव सार्वजनिक जागेत नोंदले गेले होते. कपाविरुद्ध तक्रार करायची, तरी त्याच जागेत उभे राहून करता येत होती.

पुण्याचाच इतिहास याला साक्षी आहे. १९६० च्या दशकात येथील ईआरडीएल या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्या रद्द झाल्या. राजस्थानातून आलेले चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी दीनाभाना यांनी विरोध केला आणि त्यांना निलंबित व्हावे लागले. पंजाबातून आलेले कांशीराम तेथेच अधिकारी होते. ते या लढ्यात ओढले गेले. त्यांच्या सोबतीला डी. के. खापर्डे होते. पुढे १९७१ साली पुण्यात कर्मचाऱ्यांची संघटना आणि ६ डिसेंबर १९७८ रोजी बामसेफ उभी राहिली. राजस्थानचा कामगार आणि पंजाबचा अधिकारी एका छताखाली नसते, तर हे घडले असते काय? पडद्यावरच्या बैठकीला चतुर्थ श्रेणीला बोलावणे येत नाही.

साक्षीदाराचाही प्रश्न आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार जातीवाचक अपमान लोकांच्या नजरेसमोर घडावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात म्हटले. कचेरीत निदान कोणी तरी ऐकत असते. दोघांच्या फोनवर कोण ऐकणार?

आणि ज्यांचे काम घरी नेताच येत नाही त्यांचे काय? फरशी पुसणाऱ्या बाया, सुरक्षारक्षक, कॅन्टीनची पोरे, गाडीचालक. यांत आपलीच माणसे जास्त, आणि बहुतेक कंत्राटी. मजला रिकामा राहिला की त्यांचे दिवस भरत नाहीत. साहेबाचा 'घरचा दिवस' हा त्यांचा बिनपगारी दिवस ठरतो.

या पद्धतीला सरसकट विरोध करावा, असे मी म्हणत नाही. लहान मूल असलेल्या बाईला आणि हिंजवडीच्या रहदारीत रोज तास घालवणाऱ्याला तिचा उपयोग आहे. पण विहिरीशिवाय बियाणे घेऊ नये. घरी की कचेरीत, ही निवड कर्मचाऱ्याची असावी. घरच्या विजेचा आणि इंटरनेटचा खर्च मालकाने द्यावा. मजला रिकामा असला तरी कंत्राटी कामगाराचा रोज बुडू नये. आणि वस्तीतली समाजमंदिरे, विहारे, अभ्यासिका यांत दिवसभर वीज, इंटरनेट आणि शांत टेबल मिळावे. ही मागणी महापालिकेकडे आपल्या संघटनांनीच नेली पाहिजे.

माझ्या वडिलांना कचेरीत स्टूल मिळायला एक पिढी लागली. माझ्या विद्यार्थिनीला खुर्ची मिळाली, ती दिवसापुरती. ती कायमची व्हावी, आणि घरी काम करताना बाबासाहेबांकडे पाठ करून बसायचीही तिला भीती वाटू नये, एवढी व्यवस्था तरी आपण मागितली पाहिजे.